जटेला पाणी घातलं, भाऊजी

भाऊजी, माझी चहाची गाळणी सापडली. विहिरीजवळच्या आंब्याच्या खालच्या फांदीला तारेनं टांगलेली होती. आत कोळशाचे तुकडे, त्यावर नारळाच्या सोडणाचा चोथा आणि त्यात बोटाच्या पेराएवढं एक रोप ऐटीत बसलेलं. ही गाळणी मी गेल्या पावसाळ्यापासून शोधत होते. भांडी घासायला येणाऱ्या सुमनला दोनदा विचारलं, तर ती बिचारी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आणि त्या सगळ्या काळात तुम्ही ओट्याला टेकून फडक्यानं गाळलेला चहा पीत होतात आणि वर मलाच सांगत होतात, "वयनी, चहाला फडक्याचा वास येतो हां." इतका साळसूद चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या घरी येऊन राहावं. दिवाळीचा कंदील अजून उतरवला नव्हता, तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत, आणि ही सगळी झाडं माझ्या गळ्यात टाकून मोकळे झालात. कुणाला किती पाणी, कुणाला किती ऊन, कोण फुलणार आणि कोण नुसतंच बसून राहणार, एका शब्दानं सांगितलं नाहीत. कधी विचारलं तर तुमचं ठरलेलं उत्तर, "कळतं वयनी. त्यांच्याकडं बघितलं का कळतं." मी बघतेय भाऊजी. दिवाळीपासून रोज सकाळी कमरेवर हात ठेवून बघतेय. मला काही कळत नाही.

मी लग्न होऊन कोळगावहून या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात आणि चिकूच्या वाडीत पतंगामागे धावत होतात. तेव्हा हे खूळ नव्हतं. तारापूरच्या कारखान्यात लागलात आणि तिथल्या कुणीतरी गावाहून येताना एक सुकलेली काडी आणून तुमच्या हातावर ठेवली. ऑर्किड आहे म्हणाला. त्या माणसाचं मी काय वाईट केलं होतं देव जाणे. ती काडी तुम्ही नारळाच्या सोडणाला बांधलीत, मागल्या पडवीत टांगलीत, आणि तेव्हापासून या घरात कुठलीही वस्तू जागेवर राहिली नाही.

इडलीपात्रातली एक ताटली गेली. तांदूळ धुवायची रोवळी गेली. लोणच्याची मोठी बरणी गेली. एकदा वाळत घातलेल्या परकरांतल्या नाड्या गेल्या. त्या कुठे सापडाव्यात? आंब्याच्या बुंध्याला, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्या गावाला दिसतील अशा बांधलेल्या, आणि त्यांच्याखाली एक आमरी. आमरी म्हणजे आपल्याकडच्या झाडांवर आपसूक उगवणारी रानटी ऑर्किड, एवढं तोवर मलाही कळायला लागलं होतं. मी ओरडत बाहेर आले तर तुम्ही शांतपणे म्हणता, "सुती नाडी पायजे वयनी. नायलॉन काचतं. ही पावसात कुजून जाते, तोवर मुळं खोडाला धरतात." दिराशी परकराच्या नाड्यांवरून भांडायचं कसं, हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. मी पदर खोचून घरात गेले आणि त्या दिवशी तुमच्या भाजीत मीठ घातलं नाही. तुम्ही ती चाटूनपुसून खाल्लीत.

पाण्याचं तर विचारूच नका. आपली विहीर मचूळ पाण्याची, खाडीच्या अंगाची. चिकूला चालतं, नारळाला चालतं, आम्हाला अंघोळीला चालतं. तुमच्या राण्यांना चालत नाही. त्यांच्या पानांची टोकं जळतात. मग पागोळीखाली निळी पिंपं आली. पावसाचं पाणी भरून त्यावर पाट आणि पाटावर दगड. त्या पाण्यात तुरीची डाळ किती मऊ शिजते हे मला ठाऊक होतं, पण एक तांब्या घेतला तरी तुम्हाला कळायचं. उन्हाळ्यात पिंपं संपली की तुम्ही बोईसरला एका कपड्यांच्या दुकानामागे एसीच्या नळीखाली कॅन लावून ठेवायचात आणि पाळी संपल्यावर ते स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणायचात. बोईसरहून लोक भाजी आणतात, फरसाण आणतात. आमचे भाऊजी दुसऱ्याच्या एसीचं गळलेलं पाणी आणायचे.

आणि त्या लोणच्याच्या बरणीत काय होतं? नवापूरहून मासळी घेऊन येणारी हिराबाय आपल्या ओट्यावर मासे साफ करायची, तर त्यातली आतडी, कल्ले, खवलं, सगळी घाण तुम्ही मागून घ्यायचात, गूळ घालून मुरवायचात आणि त्याचं चमचाभर पाणी बादलीत ढवळून झाडांना घालायचात. हिराबायला वाटायचं तुमचं डोकं फिरलंय. "याला चांगला सरंगा दाखवला तं बघत नाय, आनि घान बघून हासतो," असं ती मला सांगायची. मी म्हटलं, बाई, मला काय सांगतेस, मी तर एकाच घरात राहते.

पण वासाच्या बाबतीत त्या बरणीलाही मागे टाकणारा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. आपल्या अर्चनाला बघायला पाहुणे येणार होते. सकाळपासून घरात मेल्या उंदराचा वास. मी आणि तुमच्या दादांनी माळा उपसला, ट्रंका बाहेर काढल्या, कपाटं हलवली, तांदळाचं पिंप रिकामं केलं. उंदीर नाही. माझा जीव मेटाकुटीला आला. तुम्ही रात्रपाळी करून झोपला होतात. बाराच्या सुमाराला उठलात, दारात उभे राहून नाक वर केलंत, आणि चेहरा असा उजळला की मला वाटलं, सापडला उंदीर. तुम्ही धावत पडवीच्या कोपऱ्यात गेलात आणि तिथून ओरडलात, "फुललं! वयनी, फुललं!" लाकडाच्या फळीवर बांधलेलं ते एक चपटं झाड, इतकी वर्षं एका पानानंही न वाढलेलं, त्याला तपकिरी, जिभेसारखं काहीतरी आलं होतं. माश्यांनी यावं म्हणून ते मुद्दाम असा वास सोडतं म्हणे. माझ्या हातात झाडू होता. तुम्ही हात जोडून म्हणालात, "पाव्हणे गेले का मग मारा." ते झाड तुम्ही दोन तास तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगाखाली ठेवून दार लावून आत बसून राहिलात. पोरीचं लग्न तिथेच जमलं, हे नशीब. मी त्या झाडाचं नाव उंदीर ठेवलं. खरं नाव तुम्ही कितीदा सांगितलंत, माझ्या जिभेवर ते कधी बसलं नाही.

आता तुमच्या दादांबद्दल. वाडीवाल्या माणसाला झाडावर दुसरं झाड दिसलं की कोयता आठवतो. चिकूवर, आंब्यावर बांडगूळ आलं तर फांदी जाते, हे लहानपणापासून शिकलेलं. त्यामुळे त्यांना तुमच्या आमऱ्याही बांडगुळंच. ते खरवडून खाली टाकायचे, तुम्ही संध्याकाळी उचलून माझ्याच नाड्यांनी परत बांधायचात. दोघांचं भांडण दर वर्षी तेच, शब्दही तेच.

"झाडावर झाड म्हंजे बांडगूळ. त्यात शिकायचं काय हाय?"

"दादा, बांडगुळाची मुळं झाडाच्या आत जातात. हिची बाहेरच असतात. ती झाडाचं काय खात नाय. नुसती बसते."

"नुसती बसते तर दुसऱ्याच्या वाडीत बस म्हनावं."

आणि मग दोघं एकाच ताटलीतले तळलेले बोंबील खायचे. मला या वादात कुणी विचारलं नाही, आणि माझं मत विचारलं असतं तर दोघांनाही आवडलं नसतं.

पण तो शब्द एकदा दुसऱ्याच कुणाच्या तोंडून आला, आणि तेव्हा तो झाडाबद्दल नव्हता. अर्चनाच्याच लग्नात, जेवणाच्या पंगतीत, तुमच्या आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "या पक्याचं काय? लगीन नाय, कार्य नाय. भावाच्या घरात बांडगुळासारका बसलाय." लोक हसले. तुम्हीही हसलात आणि वाढायची बादली घेऊन पुढे गेलात. पुढच्याच महिन्यात तुम्ही सरावलीला खोली घेतलीत. कारखाना जवळ पडतो म्हणालात. इतकी वर्षं तो कारखाना काय तिथून हलला होता? टेम्पोत झाडं चढवलीत, उंदीर चढवलात, लोंबत्या काड्यांची ती जटा मांडीवर घेऊन पुढे बसलात आणि गेलात.

तेव्हा मी काय केलं? काही नाही. ओटा मोकळा झाला म्हणून पुसून घेतला. रोवळी मागे राहिली होती, ती घासून जागेवर ठेवली. तिच्याकडे बघून मला रडू आलं, याचाही मला रागच आला. पावसाळा संपता संपता तोच टेम्पो दारात उभा. झाडं निम्मी झाली होती. तुम्ही चपला काढत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "तिथली हवा झाडांना मानवली नाय." मी म्हटलं, "पाय धुवा. जेवन वाढते." त्या दिवशी जेवताना तुम्ही मान खाली घालून विचारलंत, "वयनी, खरं सांगा. माजी अडचन तर नाय ना व्हत?" आणि मी आमटी वाढता वाढता म्हटलं, "अडचन तुमची नाय, तुमच्या कुंड्यांची व्हते."

तुमचे दादा हसले. मीही हसले. चांगलं उत्तर दिलं असं मला वाटलं होतं. तुम्ही मात्र भात कालवत राहिलात, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत. अहो, एकदा सरळ उत्तर मिळालं नाही तर माणूस दुसऱ्यांदा विचारतो. तुम्हाला उंदीर फुलेपर्यंत वर्षानुवर्षं थांबता येत होतं आणि वहिनीला एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारता येत नव्हता? नंतरही मला दिसायचं, एखाद्या झाडाला अंगावरच पिल्लू फुटलं की तुम्ही त्याची मुळं बोटभर व्हायची वाट बघायचात, मग ब्लेडनं अलगद वेगळं करायचात आणि जो समोर येईल त्याला देऊन टाकायचात. "आता त्याचं त्याला जमतं. आईवर ओझं कशाला?" असं म्हणायचात. मला त्यात काही खुपायचं. पण मी तेव्हा भाजी निवडत असायचे, नाहीतर गॅसवर दूध असायचं. घरात बोलायला निवांत वेळ कुणाला होता?

आणि आता जटेचं सांगते, कारण सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठी.

जटा म्हणजे तीच पहिली काडी. तिच्या कितीतरी काड्या झाल्या, खाली लोंबायला लागल्या, म्हणून तिला जटा हे नाव मीच दिलं. दर वर्षी शिमग्याला तुम्ही तिला पुढच्या दारात आणून टांगायचात. पान एकही नाही, आणि काडीच्या बुडापासून टोकापर्यंत फिकट जांभळी फुलं. होळीला निघालेल्या बायका थांबून बघायच्या. रंग खेळणारी पोरंसुद्धा आपल्या दारात आली की पिचकारी खाली धरायची. त्या दिवसांत मी कुरकूर करत नसे, हे तुम्हीही कबूल कराल. पाहुण्यांना मीच दाखवायचे, जसं काही माझंच काम होतं.

बाकी थंडीभर मात्र तुम्ही तिला मागल्या पडवीत, कपड्यांच्या दोरीपलीकडे नेऊन टांगायचात आणि तिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाहीत. पाणी नाही, बरणीतलं औषध नाही. पानं पिवळी पडून गळायची. मी म्हटलं, अहो, मरतेय ती, तर म्हणायचात, "झोपलीय ती." रात्रपाळीनंतर तुम्हीही चार वाजेपर्यंत झोपायचात, त्यामुळे मला हे आळशी माणसाचं उत्तर वाटायचं. एवढी हेळसांड करूनही ती बिचारी फुलते, तर नीट निगा राखली तर किती फुलेल, हा माझा हिशेब होता.

तुम्ही गेलात त्याच्या थोडे दिवस आधीच तिला मागे टांगलं होतंत. कार्य आटोपलं, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी कपडे वाळत घालताना माझं लक्ष गेलं. निम्मी पानं पिवळी. खाली जमिनीवर पानांचा सडा. खरं सांगू भाऊजी, ही तुमच्या मागे निघाली असं मला वाटलं. मी तिथेच पडवीच्या पायरीवर बसून रडले. तुमच्या दिवसकार्यातही मी तशी रडले नव्हते, तेव्हा माणसांचं चहापाणी बघत होते. मग डोळे पुसले, पिंपावरचा दगड उचलला आणि जटेला पाणी घातलं.

तेव्हापासून एक दिवस चुकले नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावरच्या पहिल्या शिमग्याला सगळी भावकी घरी येऊन बसते. त्या दिवशी जटा दारात फुललेली हवी, असं मी मनाशी ठरवलं. आत्याबाईही येणार होत्या. त्यांनी येताना आधी ती बघायला हवी आणि मग आत यायला हवं. मला दुसरं काही नको होतं. तुमचे दादा म्हणायचे, "सुकली ती. टाकून दे. उगा जीव नको काढू." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. एकदा ते मदत करायला म्हणून विहिरीच्या पाण्याचा पाइप घेऊन आले तर मी इतक्या जोरात ओरडले, "विहिरीचं नाय! पिंपातलं!" की ते पाइप टाकून माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याच्यासारकीच वरडतेस." आणि पिंपावरचा दगड त्यांनीच उचलून दिला.

हिराबाय दर आठवड्याला येते. पहिल्यांदा आली तेव्हा टोपलीतून एक डबा काढून हातात धरून उभी राहिली. सवयीनं भरून आणला होता. "आता ही घान कुनाला देऊ गं?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, दे इकडे. जन्मभर नाक मुरडलेली मी, भाऊजी, मी स्वतः गूळ घालून ती बरणी भरली, आणि मुरल्यावर त्यातलं चमचाभर पाणी बादलीत ढवळून जटेला घातलं. ओकारी आली, तरी घातलं. सरावलीच्या खोलीशेजारचा तुमचा तो रामसजीवन, तोही एसीच्या पाण्याचा कॅन घेऊन दारात आला. "भाभी, भाईसाब का पानी," एवढंच म्हणाला. चहा घ्या म्हटलं तर घेतला नाही. तुमच्यासाठी माणसं असली कामं का करायची, हे मला आजवर कळलेलं नाही. मीही करतेच आहे म्हणा.

माघात जटेच्या काड्यांवर, पेरापेराला, हिरवे फुगीर डोळे दिसायला लागले. कळ्या! मला आकाश ठेंगणं झालं. अर्चनाला फोन केला. हिराबायला दाखवलं. आत्याबाईंना मुद्दाम निरोप पाठवला, की यंदा जटा कधी नव्हे इतकी फुलणार, शिमग्याला नक्की या. काड्यांवर एक पेर रिकामं नव्हतं. तुमच्या हातून कधी एवढ्या कळ्या धरल्या नव्हत्या, हे मी तुमच्या फोटोपुढे उभं राहून तुम्हाला ऐकवलंही. ऐकलं असेल तर हसला असाल.

होळीच्या दोन दिवस आधी पहिला डोळा उघडला. आतून पान आलं.

दुसऱ्यातूनही पान. तिसऱ्यातून पान आणि त्याच्या बुडाशी पांढरं, दोऱ्यासारखं मूळ. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सगळ्या काडीभर, जिथे फूल असायचं तिथे, इवलीइवली रोपं. फूल एकही नाही. आणि त्या क्षणी, त्या क्षणीच भाऊजी, आधी नाही, मला तुमचा आवाज आठवला. कधीतरी मी बोंबील तळत होते आणि तुम्ही दारात उभे राहून जटेबद्दल काहीतरी सांगत होतात. तेलाच्या चुरचुरीत मी नुसतं हूं हूं करत होते. तुम्ही म्हणाला होतात, "हिला थंडीत उपाशी ठेवायला लागतं वयनी. उपाशी राहिली का फुलं देते. खायला प्यायला घातलं का पोरं काढते."

मग हे मोठ्यानं नाही सांगता येत? तवा उतरवायला नाही लावता येत? तुम्हाला कधी म्हणून ठासून बोलता आलं नाही. मी तिला भरवत होते भाऊजी. थंडीभर, हातानं, नाक दाबून भरवत होते. फुलांचा बळी मीच घेतला.

तरी शिमग्याला मी ती पुढच्या दारात टांगली. रागानं टांगली. जे आहे ते आहे, बघा म्हटलं. भावकी आली. सतरंजीवर बसली. पाणी दिलं, चहा दिला, तुमच्या आठवणी निघाल्या. आत्याबाई आता थकल्यात, काठी टेकत आल्या. दाराशी थांबल्या, मान वर करून जटेकडे बघितलं आणि आत येऊन तुमच्या दादांना म्हणाल्या, "फुलं कुटंत रे? काय निरोप धाडला व्हता. आनि तो गेला तरी ही बांडगुळं अजून काडली नाय?"

मी आतून येत होते. हातात चहाचा ट्रे होता. माझ्या तोंडावर उत्तर आलंच होतं, फार वाईट उत्तर. पण तुमचे दादा माझ्या आधी बोलले. तुमचे दादा, ज्यांनी आयुष्यभर आमऱ्या खरवडल्या. आवाज चढवला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बांडगूळ नाय ती आत्ये. झाडाचं काय खात नाय ती. नुसती बसते." मग टोपीची घडी घालत राहिले. पुढे म्हणाले, "आनि बसली तर घर भरल्यासारकं वाटतं."

आत्याबाईंनी पदरानं डोळे टिपले. मी चहा दिला. गाळणी सापडलेली नव्हती तेव्हा, फडक्यानंच गाळलेला होता, आणि कुणी वासाबद्दल तक्रार केली नाही.

ते वाक्य तुमच्या दादांनी तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. मी त्यांना तसं म्हटलंही, माणसं गेल्यावर. ते म्हणाले, "तू तरी कुटं बोललीस?" या घरात तिघंही एकाच मातीचे होतो, एवढंच.

आता पिल्लांची मुळं बोटभर झालीत. हिराबायला एक हवंय, रामसजीवनला एक हवंय, अर्चना तर दोन मागते. काल सकाळी तुमचं ब्लेड घेऊन मी जटेखाली स्टुलावर चढले. तुमच्या नियमानं वेळ झालीय. आता त्यांचं त्यांना जमतं. एका पिल्लाला बोट लावलं, मूळ हिरव्या टोकाचं, टणक, जुन्या काडीला घट्ट बिलगलेलं. मग ब्लेड कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि खाली उतरले.

वेगळं करणार नाही भाऊजी. एकही नाही. ज्यांना हवीत त्यांनी येऊन बघून जावं. आईवर ओझं होतं की नाही हे आईनं ठरवायचं असतं, पिल्लांनी नाही. पुढच्या थंडीत पाणी बंद करीन, उपाशी ठेवीन, फुलं आली तर येतील. उंदीर फुलला तर त्याला पलंगाखाली ढकलीन. गाळणी आंब्यावरच राहू द्या, मी नवी आणलीय.

आणि तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर. अडचण कुंड्यांची होत होती, अजूनही होते, आत्ता लिहितानाही पायाशी एक आहे. तुमची कधी झाली नाही, एक दिवससुद्धा नाही. नुसतं बघून झाडांचं सगळं कळायचं तुम्हाला. आमच्याकडे बघून एवढं कळलं नाही?